कलम ९३ चा साहेब

९ ऑगस्ट १९४२, रविवार. सकाळी व्हीटीहून सुटलेली एक खास गाडी ठाणे, डोंबिवली, कल्याण मागे टाकत कर्जतच्या घाटाकडे गेली. आदल्या रात्री गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर करून परतलेल्या पुढाऱ्यांना पोलिसांनी पहाटे उठवून या गाडीत बसवलं होतं. गांधीजींना चिंचवडला उतरवून मोटारीने आगाखान पॅलेसला नेलं. मुंबईचे काँग्रेसवाले येरवड्याला गेले, आणि नेहरू, पटेल, आझाद यांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. हुकूम दिल्लीचा होता, पण पकडापकडी, गाडी, पोलीस, तुरुंग ही सगळी व्यवस्था मुंबई सरकारची.

आता हे ‘मुंबई सरकार’ म्हणजे त्या दिवशी नेमकं कोण होतं? मंत्री नव्हते. विधानसभा नावापुरती होती, तिची बैठक भरत नव्हती. बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा देऊन मोकळं झालं होतं, कारण हिंदुस्थानला न विचारता व्हाइसरॉयने त्याला युद्धात ओढलं होतं. त्यानंतर १९३५ च्या कायद्यातलं ९३ वं कलम लागू झालं. या कलमाचा अर्थ साधा: मंत्रिमंडळाचे आणि विधिमंडळाचे सगळे अधिकार गव्हर्नरकडे. हाताशी आयसीएसमधले दोन-चार सल्लागार, बाकी कायदे करणारा तोच आणि राबवणाराही तोच. १९४६ च्या निवडणुकीनंतर खेर पुन्हा आले, तोवर सहा वर्षांहून अधिक काळ मुंबई इलाखा असा चालला.

या काळात मलबार पॉइंटवर गव्हर्नर म्हणून दोन माणसं बसली. १९३७ ते मार्च १९४३ सर रॉजर लम्ली, आणि तिथून जानेवारी १९४८ पर्यंत सर जॉन कॉलव्हिल. दोघेही मुलकी अधिकारी नव्हते. दोघेही विलायतेतल्या हुजूर पक्षाच्या गोटातले खासदार, मतं मागून निवडून आलेले. लम्ली यॉर्कचा खासदार होता. कॉलव्हिल तर चेंबरलेनच्या मंत्रिमंडळात स्कॉटलंडचा मंत्री. मतदारांना सामोरं जाण्याची सवय असलेली ही माणसं इथे आली आणि त्यांना मतदारच उरला नाही. त्यांचं चरित्र इंग्रजीत वाचलं तर मुंबईची वर्षं चार-पाच ओळींत आटोपतात. ठाणे जिल्ह्यातून पाहिलं तर त्याच वर्षांचे व्रण अजून जमिनीवर दिसतात.

ठाणे जिल्हा तेव्हा फार मोठा होता. खाडीपासून थेट उंबरगावपर्यंत. कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर, वसई, पालघर, डहाणू सगळं त्यात. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुण्याचं गणेशखिंड आणि बाकीचे दिवस मुंबई, असा गव्हर्नरांचा वार्षिक रिवाज. मुंबई-पुणे प्रवासात त्यांची गाडी ठाण्या-कल्याणवरून जायची. कल्याणच्या लोकलने रोज मुंबईला जाणारा माणूस सँडहर्स्ट रोडला उतरतो, तेव्हा एका जुन्या गव्हर्नरचंच नाव घेत असतो. रे रोड, लॅमिंग्टन रोड, ब्रेबॉर्न स्टेडियम ही सगळी त्याच गादीवरची मंडळी. लम्ली आणि कॉलव्हिल ही नावं मात्र आज कुणाच्या तोंडी नाहीत. सगळ्यात जास्त निरंकुश सत्ता याच दोघांच्या हाती होती, हे ध्यानात घेतलं तर याचं नवल वाटतं.

ऑगस्टच्या त्या पकडापकडीने चळवळ थांबेल असा सरकारचा होरा होता. झालं उलटं. पुढारी आत गेल्यावर बाहेर राहिलेल्यांना थोपवणारं कुणी उरलं नाही. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, हे त्यातले एक. नाभिक समाजात १९१२ साली जन्मलेला हा वकील माणूस. माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष होता, कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि शाळा चालवत होता. ऑगस्टनंतर ते भूमिगत झाले आणि त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला. दस्त्याचा डाव स्पष्ट होता. मुंबईच्या गिरण्यांना आणि कारखान्यांना लागणारी वीज घाटाखालच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून तारांवरून येते. तारा पेलणारे लोखंडी मनोरे माळरानात, जंगलात उभे आहेत, आणि प्रत्येक मनोऱ्याशी पहारा ठेवणं सरकारला शक्य नाही. रात्री जाऊन मनोऱ्याचे पाय करवतीने कापायचे. १९४२ च्या पावसाळ्याअखेरीस असे मनोरे एकामागून एक कोसळू लागले, आणि युद्धसामग्रीच्या उत्पादनावर घाला पडल्यामुळे पोलीस हात धुऊन मागे लागले.

दस्ता सिद्धगडच्या जंगलात आला. हा गड मुरबाड तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने त्यांना गाठलं. दस्त्यातले हिराजी पाटील आणि भाई कोतवाल दोघेही तिथेच मारले गेले. कोतवाल अवघे तीस वर्षांचे होते. दरवर्षी २ जानेवारीला माणसं अजूनही सिद्धगडला जातात.

लम्लीच्या पत्रव्यवहारात या सगळ्याची नोंद कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून होणार हे उघड आहे. त्याच्या डोक्यावर त्याहून मोठं ओझं होतं. १० फेब्रुवारीला गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं आणि ते ३ मार्चला सुटलं. म्हातारा आपल्या ताब्यात मेला तर काय, हा घोर सरकारला होता. उपोषण सुटलं आणि तीन आठवड्यांनी लम्ली मायदेशी निघून गेला. पुढे तो स्कार्बरोचा अर्ल झाला आणि १९५२ पासून अकरा वर्षं इंग्लंडच्या राणीचा लॉर्ड चेंबरलेन. लंडनच्या रंगभूमीवर कुठलं नाटक होऊ द्यायचं आणि त्यातली कुठली वाक्यं कापायची, हे ठरवण्याचा अधिकार त्या काळी लॉर्ड चेंबरलेनकडे असे. हुकमाने चालवण्याचा सराव त्याला मुंबईत पुरेसा झालाच होता.

लम्ली जाण्याआधीच कल्याणचा चेहरा बदलू लागला होता. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो आणि विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. मुंबईत घबराट उडाली, बिऱ्हाडं गावाकडे निघाली. लष्कराला ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी फौजा मुंबई बंदरात उतरवून पुढे पाठवायच्या होत्या, आणि त्या दरम्यान कुठेतरी ठेवायच्या होत्या. कल्याण जंक्शनला दोन वाटा फुटतात, एक पुण्याकडे, दुसरी नाशिककडे. बंदर पन्नासेक किलोमीटरवर, पाण्याला उल्हास नदी, आणि स्टेशनच्या पूर्वेला मोकळी जमीन. याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. तिथे लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. एकाच नमुन्याच्या लांबच लांब बराकींच्या ओळी, मधून सरळ रस्ते, आणि विभागांना नावांऐवजी नंबर. ‘कल्याण कॅम्प’ हे नाव तेव्हा पडलं. आजही त्या भागातला माणूस पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असंच सांगतो.

कल्याणच्या आग्नेयेला, मलंगगडाच्या पायथ्याच्या बाजूला, नेवाळीजवळ विमानांची धावपट्टी झाली. तिच्यासाठी १९४२-४३ मध्ये आसपासच्या गावांची सोळाशेहून अधिक एकर जमीन गेली. ही जमीन गेली कशी, हे समजून घेतलं पाहिजे, कारण भांडण तिथेच आहे. भारत संरक्षण नियमांत ७५-अ नावाचा एक नियम होता. युद्धकार्यासाठी लागेल ती जंगम-स्थावर मालमत्ता सरकार एका हुकमाने ताब्यात घेऊ शकत होतं. अशा ताब्याला इंग्रजीत रिक्विझिशन म्हणत: वापर सरकारचा, मालकी मूळ मालकाची, गरज संपली की परत. याहून वेगळी गोष्ट म्हणजे संपादन. तिथे मालकीच सरकारकडे जाते. नुकसानभरपाई संरक्षण कायद्याच्या १९ व्या कलमाखाली ठरायची. एरवी अशा व्यवहारावर विधानसभेत कुणी आमदार उठून प्रश्न विचारतो, कुणाचा ऊस होता, कुणाचं भात होतं, दर काय लावला. १९४२ मध्ये असा प्रश्न विचारायला सभागृहच उघडं नव्हतं. शेतकऱ्याच्या दारात यायची ती फक्त नोटीस, आणि नोटिशीमागे तलाठी आणि लष्करी गाड्या. नेवाळीच्या आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट सांगितली गेली: युद्ध संपल्यावर परत देऊ असं साहेबांनी सांगितलं होतं. सरकारी बाजू सांगत आली की जमीन रीतसर संरक्षण खात्याची झाली.

अशा वेळी, मार्च १९४३ मध्ये, कॉलव्हिल आला.

या माणसाची मागची कारकीर्द वाचण्यासारखी आहे. जन्म १८९४, स्कॉटलंडच्या पोलाद कारखानदारांच्या घराण्यात. मदरवेलचा ‘डेव्हिड कॉलव्हिल अँड सन्स’ हा कारखाना त्याच्याच घराण्याचा. पहिल्या महायुद्धात तो लढला आणि जखमी झाला. १९२९ मध्ये मिडलोदियन भागातून पार्लमेंटमध्ये गेला. परदेश व्यापार खातं, मग अर्थखात्याचं सचिवपद, आणि मे १९३८ मध्ये स्कॉटलंडचा मंत्री. त्याच्याच काळात, १९३९ मध्ये, स्कॉटलंडचा कारभार लंडनच्या व्हाइटहॉलमधून उचलून एडिंबरोच्या ‘सेंट अँड्र्यूज हाऊस’मध्ये आणला गेला. आपल्या देशाचा कारभार आपल्या मातीतून चालावा, ही स्कॉटिश लोकांची जुनी मागणी होती आणि ती पुरी करण्यात या माणसाचा हात होता. मे १९४० मध्ये चर्चिल पंतप्रधान झाला. चेंबरलेनची माणसं बाजूला सारली गेली, त्यांत कॉलव्हिलही गेला. तीन वर्षांनी त्याला मुंबई मिळाली. चर्चिलच्या काळात अडगळीत पडलेल्या राजकारण्याला प्रांत देऊन लांब पाठवायची ही रीत नवी नव्हती, पण हे सगळेच नग टाकाऊ होते असं मात्र समजू नये.

कॉलव्हिलच्या कारकिर्दीतलं सगळ्यात चांगलं काम पहिल्या काही आठवड्यांतच झालं. ब्रह्मदेश गेल्यापासून रंगूनचा तांदूळ बंद होता आणि मुंबईचं पोट बऱ्याच अंशी त्या तांदळावर होतं. विजापूरकडे दुष्काळ होता. साठेबाजी सुरू झाली होती. २ मे १९४३ पासून मुंबई शहरात धान्याचं रेशनिंग सुरू झालं. हिंदुस्थानातलं ते पहिलं. त्याची आखणी करणाऱ्यांत ए. डी. गोरवाला या करड्या शिस्तीच्या अधिकाऱ्याचं नाव अग्रभागी होतं. गव्हर्नरने काय केलं? त्याला मोकळीक दिली आणि व्यापाऱ्यांचा दबाव अंगावर घेतला. हे थोडं नाही. त्याच महिन्यांत बंगालमध्ये काय चाललं होतं ते पाहावं. तिथेही गव्हर्नर असाच एक हुजूर पक्षाचा माजी खासदार होता, सर जॉन हर्बर्ट. तिथे बाजार मोकळा सुटला, भाव आकाशाला भिडले आणि लाखो माणसं उपाशी मेली. मुंबईत रांगा लागल्या, काळा बाजारही झाला, निकृष्ट ज्वारी-बाजरीबद्दल घराघरांत कुरबुर झाली, पण भुकेने माणसं रस्त्यावर पडली नाहीत. याचं श्रेय कॉलव्हिलच्या सरकारला द्यायला हवं.

पण मुंबईच्या रेशन दुकानातला दाणा कुठून तरी यायचा होता. तो आला भाताच्या जिल्ह्यांतून, सक्तीच्या लेव्हीने. ठाणे हा भाताचा जिल्हा. खळ्यावर मोजणी, ठरलेला हप्ता सरकारात, ठरलेला भाव. शहर वाचलं त्याची किंमत गावाने मोजली. मोठ्या जमीनदाराच्या कोठारातून लेव्ही वसूल करणं आणि दोन एकरवाल्याच्या कणगीतून वसूल करणं, यात अंमलदाराला कुठलं सोपं जातं, हे सांगायला नको.

१४ एप्रिल १९४४ च्या दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. बोटीत कापसाच्या गासड्या आणि शेकडो टन स्फोटकं एकत्र भरली होती. एक स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. डॉक, गोदामं, आसपासची वस्ती बेचिराख झाली, शेकडो माणसं गेली, हजारो टन धान्य जळालं, आणि सोन्याच्या विटा उडून लांबवर लोकांच्या घरांत पडल्या. बातमीवर सेन्सॉरची कात्री चालली. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी, २२ फेब्रुवारीला, कस्तुरबा आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच गेल्या होत्या. गांधीजी ६ मे रोजी सुटले.

यानंतरचा भाग कॉलव्हिलच्या चरित्रात सापडत नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो.

टिटवाळा म्हटलं की आज लोकांना गणपती आठवतो. जानेवारी १९४५ मध्ये याच टिटवाळ्यात किसान सभेची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिच्यामागे होते. उंबरगाव-डहाणूकडचे काही वारली आदिवासी तिथे आले. त्यात माह्या धांगडा नावाचा एक होता. इतक्या लांबून आलेल्या या माणसांनी परिषदेत आपली गाऱ्हाणी सांगितली. जमीनदाराच्या शेतावर वेठ, म्हणजे बिनमजुरीचं काम. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघेही सावकाराचे गडी. त्याला नावच होतं ‘लग्नगडी’. कर्ज फिटत नसे, माणूस फिटे. बायकांवरच्या अत्याचारांबद्दल तर उघड बोलायचीही चोरी.

सरकारला हे नव्याने कळत होतं असं नाही. डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याने आदिवासी भागांचा अहवाल तयार केला होता आणि तो १९३९ मध्ये छापलाही गेला. वेठबिगार, कर्जाचं जाळं, जमीनदारांची अरेरावी हे सगळं सरकारी शिक्क्यासह त्यात नमूद होतं. मग युद्ध आलं, कलम ९३ आलं, आणि अहवाल कपाटात राहिला. सहा वर्षं प्रांताचा सर्वेसर्वा असलेल्या सरकारला एक कायदा करून वेठ मोडता आली असती. नेवाळीची सोळाशे एकर जमीन एका हुकमाने घेता येते, मग उंबरगावच्या जमीनदाराची वेठ एका हुकमाने का थांबत नाही? हा प्रश्न त्या सहा वर्षांत कुणी अधिकाराने विचारलाच नाही.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावात वारल्यांची परिषद झाली. वेठ करायची नाही, आणि खाजगी जमिनीवरच्या कामाची रोजची बारा आणे मजुरी घ्यायची, असं तिथे ठरलं. योगायोग असा की त्या दिवशी कॉलव्हिल मुंबईत नव्हताच. व्हाइसरॉय वेव्हेल सल्लामसलतीसाठी लंडनला गेला होता, आणि मार्चअखेरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत हंगामी व्हाइसरॉय म्हणून कॉलव्हिल दिल्लीत होता. ८ मे रोजी युरोपातलं युद्ध संपलं तेव्हा हिंदुस्थानच्या सर्वोच्च पदावर हाच माणूस. एका स्कॉटिश पोलादवाल्याच्या आयुष्यातला हा कळस म्हणायचा. पुढे १९४६ च्या अखेरीस आणि मे १९४७ मध्येही ती खुर्ची त्याने सांभाळली.

पावसाळा संपला आणि गवत कापणीचे दिवस आले. डहाणू-उंबरगावचं गवत म्हणजे मोठा धंदा होता. गासड्या बांधून ते मुंबईच्या तबेल्यांकडे जायचं. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये द्या, असं मजूर म्हणाले आणि दर मिळेना म्हणून विळे खाली ठेवले. विळे खाली ठेवणं हा काही गुन्हा नव्हता. १० ऑक्टोबर १९४५ ला हजारो वारली तलवाड्याला जमले. गोदूताईंच्या, म्हणजे गोदावरी परुळेकरांच्या, जिवाला धोका आहे, धावून या, अशी आवई कुणीतरी उठवली होती. ही आवई जमीनदारांच्या माणसांची, असं चळवळीचं म्हणणं. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण ठार झाले, त्यात जेठ्या गांगड. माणसं पांगली नाहीत, बाईंना पाहिल्याशिवाय जाणार नाही म्हणून बसून राहिली. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे ही रात्र मराठी वाचकाच्या माहितीत आहे. गव्हर्नराच्या बाजूने ती कुणी लिहिलेली नाही.

हा गोळीबार निर्विवादपणे कॉलव्हिलच्या सरकारचा. त्याला मंत्र्यांकडे बोट दाखवता येत नव्हतं. मात्र पुढचं सांगितल्याशिवाय हा हिशेब प्रामाणिक होणार नाही. १९४६ मध्ये खेरांचं मंत्रिमंडळ आलं, मोरारजी देसाई गृहमंत्री झाले, आणि वारल्यांचा लढा चालूच राहिला. लोकनियुक्त सरकारनेही परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केलं, आणि जानेवारी १९४७ मध्ये नानिवलीला पुन्हा गोळीबार होऊन पुन्हा माणसं मेली. फरक एकच. आता सभागृह उघडं होतं, जबाबदार माणसाचं नाव घेऊन जाब विचारता येत होता. तो फरक कमी लेखू नये, आणि फार मोठाही मानू नये.

फेब्रुवारी १९४६ चं नाविकांचं बंड सर्वांना ठाऊक आहे. १८ तारखेला ‘तलवार’ या शिक्षण केंद्रातल्या नाविकांनी निकृष्ट जेवण आणि शिवीगाळ याविरुद्ध काम थांबवलं. दोन दिवसांत बंदरातली जहाजं त्यात सामील झाली. शहरात गिरण्या बंद, रस्त्यावर लष्कर. २३ ला शरणागती झाली तोवर शहरात दोनशेहून अधिक माणसं मेली होती. मेलेले बहुतेक नाविक नव्हते, रस्त्यावरचे मुंबईकर होते. कॉलव्हिलने लष्कर बोलावलं आणि गोळी चालू दिली. कदाचित त्या खुर्चीतला दुसरा कुणीही हेच करता. माझ्या मते त्याच्या नावावरचा हा सगळ्यात काळा आठवडा आहे, आणि रेशनिंगच्या पुण्याईने तो धुतला जात नाही.

तरीही १५ ऑगस्ट १९४७ ला बाकीचे बहुतेक गोरे गव्हर्नर सामान बांधत असताना मुंबईत कॉलव्हिल आणि मद्रासमध्ये आर्चिबाल्ड नाय यांना नव्या भारत सरकारने थांबवून घेतलं. ९३ कलमाच्या काळात ज्यांना कैदेत ठेवलं, त्याच खेरांच्या सल्ल्याने चालणारा घटनात्मक गव्हर्नर म्हणून तो साडेचार महिने राहिला. दोन्ही बाजूंनी दाखवलेला हा समंजसपणा आजच्या राजकारणात दुर्मिळ आहे. ५ जानेवारी १९४८ च्या सुमारास त्याने पदभार सोडला आणि राजा महाराज सिंग हे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तो लॉर्ड क्लाइड्सम्यूर झाला, पुढे बीबीसीच्या नियामक मंडळावर गेला आणि १९५४ मध्ये वारला.

६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली. तोवर थोडे थोडे येणारे सिंधी निर्वासित आता बोटी भरभरून मुंबई बंदरात उतरू लागले. त्यांना ठेवायचं कुठे? फौजा निघून गेल्या होत्या आणि कल्याण कॅम्पच्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. लाखाच्या आसपास माणसं त्यात कोंबली गेली. एका बराकीत पडदे, गोणपाट, पत्रे लावून कुटुंबाकुटुंबाचे कप्पे केले गेले. पाण्याच्या नळावर रांग, संडासापुढे रांग. ज्यांच्या सिंधमध्ये हवेल्या-पेढ्या होत्या ती माणसं बराकीच्या दारात पापड-बिस्किटं विकायला बसली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या नगराचा पाया घातला गेला आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. एका परक्या युद्धासाठी घेतलेली जागा अशा रीतीने कुणाच्या तरी उपयोगी पडली. सरकारी मालमत्तेचं असं सोनं क्वचित होतं.

नेवाळीचं तसं झालं नाही. भारत संरक्षण कायदा ३० सप्टेंबर १९४६ ला संपला, पण युद्धकाळात ताब्यात घेतलेल्या जमिनी हातून जाऊ नयेत म्हणून १९४७ मध्ये वेगळा कायदा करून ते अधिकार लांबवले गेले. धावपट्टी ओस पडली. शेतकरी आपापल्या तुकड्यांवर भात लावत राहिले. नातवंडं झाली, पतवंडं झाली. मग २०१७ मध्ये नौदलाने तिथे कुंपणाची भिंत घालायला घेतली, आणि २२ जून रोजी कल्याण-मलंगगड रस्त्यावर लोक उतरले. पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या, पोलीस आणि गावकरी दोन्हीकडचे जखमी झाले, गुन्हे दाखल झाले. टीव्हीवर दोन दिवस ‘नेवाळी पेटली’ असं चाललं आणि मग बातमी विरली. युद्धकाळातला तो हुकूम ताब्याचा होता की संपादनाचा, पैसे कुणाला, किती, कशाबद्दल मिळाले, युद्धानंतर परत देण्याचं कुणी कुठे लिहून दिलं होतं का, एवढ्या तीन प्रश्नांवर ही भांडणं आहेत. तिन्ही प्रश्नांची उत्तरं कागदांत मिळायची आहेत, चौकात नाही.

म्हणून एक विनंती. नेवाळी, मलंगगड पट्टा, कल्याण कॅम्पच्या जुन्या हद्दीतली गावं, इथल्या कुणाच्या घरात आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत १९४२-४६ मधली नोटीस, पावती, मोजणीचा नकाशा, लेव्हीची चिठ्ठी असं काही असेल तर ते वाळवीच्या तोंडी देऊ नका. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालू आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. मूळ कागद घरीच ठेवा, पण एक स्वच्छ प्रत तिथे नेऊन द्या, आणि कागदाच्या मागे गावाचं नाव व जमिनीचा सर्व्हे नंबर लिहायला विसरू नका.